शिस्तीआधी बोली : जोयड्यातील नव्या गुरुजींची अडचण

जोयडा तालुक्यात नव्याने रुजू झालेल्या प्राथमिक शिक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘मुले ऐकत नाहीत.’ आम्ही अनेक वर्षे वर्गात आणि शाळेच्या समितीत वावरलो आहोत. आमचे मत असे की, निम्म्या वेळा मुले ऐकत असतात. त्यांना कळत नसते.

१९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेला हा मुलूख. पुढे काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, विस्थापित कुटुंबे रामनगरला आली. जंगलातल्या वाड्यांत कुणबी मुलाची घरची बोली कोकणी, गवळ्याच्या मुलाची मराठीजवळची, सिद्दी पोराची आणखी वेगळी. शाळा कुठे मराठी, कुठे कानडी. घरी ‘उदक’ म्हणणाऱ्या पोराला एक पुस्तक ‘पाणी’ सांगते, दुसरे ‘नीरु’. गुरुजी धारवाडकडचे असले तर त्यांना बोली कळत नाही. खानापूरकडचे असले तर कळते. पण ‘अशुद्ध मराठी’ म्हणून ते ती लगेच सुधारायला घेतात. हा दुसरा प्रकार आपल्याच माणसांचा, म्हणून आम्हाला अधिक खटकतो. कानडी सक्तीविरुद्ध मोर्चे काढायचे आणि वर्गात कोकणी पोराला गप्प बसवायचे, हे कसे चालेल? दोनदा हसे झाले की मूल तोंड मिटते. मग चुळबुळ, खोड्या, शेवटी दांडी.

त्यात इयत्तांची भर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. त्यातला एक बैठकीला गेला की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. दुसरीला शिकवताना चौथीच्या हाती काम नसेल, तर चौथी आपले काम आपण शोधते, आणि ते गुरुजींना आवडणारे नसते! छडी त्याच कायद्याने बंद आहे. पूर्वीही तिने फारसे साधले नव्हते.

पहिले पंधरा दिवस पुस्तक बाजूला ठेवावे. कंद, झाडे, गुरे यांची नावे मुलांकडूनच काढून घ्यावीत, फळ्यावर शेजारी शाळेचा शब्द लिहावा. पाचवीतली एखादी मुलगी दुभाषी म्हणून हमखास मिळते. तिला मॉनिटर करू नये, लहानांत बसवावे. मॉनिटर नावे टिपतो, दुभाषी समजावते. १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या ‘नली-कली’ पद्धतीत मुले गटागटाने कार्डांवरून शिकतात. तत्त्व उत्तम, पण कार्डावरची भाषा परकी असेल तर गटही मुका बसतो.

घटनेचे ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची सोय करायला सांगते. त्याच आधारे आमची मागणी साधी आहे. नेमणूक करताना वाडीची बोली पाहावी आणि नव्या शिक्षकाला एक आठवडा तिथल्या जुन्या शिक्षकाच्या वर्गात बसू द्यावे. हे जूनच्या आरंभीच व्हावे. ओढे भरले की वाडीवरची मुले शाळेपर्यंत पोचतच नाहीत.