धुळीचा हिशेब कोण मांडणार?



ट्रॅक्टर घ्यायला गेलेला शेतकरी काय काय विचारतो? हॉर्सपॉवर किती, लिफ्ट किती वजन उचलते, तासाला डिझेल किती लागते, हप्ता किती बसतो. एअर क्लिनर कोणत्या प्रकारचा आहे, त्याची जाळी किंवा कागदी फिल्टर तालुक्याला मिळतो का, हे विचारणारा शंभरात एखादा. विकणाराही ते सांगत नाही. पुढे इंजिन धूर ओकू लागते, ऑइल खाऊ लागते, आणि लायनर-पिस्टन-रिंगांचे बिल हातात पडते. मग दोष कोणाला? नशिबाला, नाहीतर ड्रायव्हरला.

आधी हिशेब मांडू. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा आत ओढते. म्हणजे कागदावर मिनिटाला २५०० लिटर. प्रत्यक्षात थोडी कमी भरते म्हणून २००० लिटर धरू. तासाला १२० घनमीटर हवा झाली. उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालतो तेव्हा एका घनमीटर हवेत पाव ग्रॅम धूळ आहे असे समजा. तासाला ३० ग्रॅम, वर्षाला ५०० तास काम केले तर १५ किलो धूळ इंजिनाच्या दाराशी येते.

फिल्टरने ९९ टक्के धूळ अडवली तर दीडशे ग्रॅम आत जाते. ९८ टक्के अडवली तर तीनशे. कागदावर फरक एका टक्क्याचा; इंजिनाला धूळ मात्र दुप्पट. आणि ही धूळ म्हणजे चुलीतली राख नव्हे. तिच्यातले वाळूचे कण लायनरच्या लोखंडाहून कठीण असतात. ऑइलात मिसळले की त्याची घासपेस्ट होते आणि ती रिंगा, लायनर, बेअरिंग, सगळेच घासत राहते.

आता उत्पादन खर्चाकडे या. कृषिमूल्य आयोग ए-१ खर्चात अवजारांचा घसारा धरतो. पण धुळीने मुदतीआधी खाल्लेले इंजिन त्या घसाऱ्यात कुठे बसते? कुठेच नाही. धूळ शिरून झालेली झीज सहसा वॉरंटीतही बसत नाही. बँक हप्ता सोडत नाही. म्हणजे हे नुकसान शेवटी एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जाते. इंजिनाचे काम निघाले की खर्च लाखाच्या घरात जातो आणि तेही ऐन पेरणीत किंवा ऊसतोडीत. ज्याने कर्ज काढून भाड्याने ट्रॅक्टर चालवायचा धंदा मांडला आहे, त्या तरुणाचा तो हंगामच बुडतो. म्हणून मी म्हणतो, एअर फिल्टर हा मेकॅनिकचा विषय नाही. तो आपल्या भांडवलाच्या राखणीचा विषय आहे.

निवड कशी करायची? बाजारात मुख्य प्रकार दोन. एक ऑइल बाथ, म्हणजे तेलाची वाटी आणि वर जाळी. दुसरा कोरडा, म्हणजे कागदी फिल्टर आणि बहुधा त्याच्या आत आणखी एक सुरक्षा फिल्टर. धूळ अडवण्यात कागदी फिल्टर सरस आहे. ऑइल बाथ त्याच्या मागे, आणि इंजिन मंद चालत असताना आणखी मागे. टर्बोचार्जरच्या नव्या इंजिनांना कोरडाच लागतो. पण ऑइल बाथ जुना म्हणून टाकाऊ ठरत नाही. त्याला दर वेळी नवा फिल्टर विकत घ्यावा लागत नाही, डिझेल आणि ऑइल असले की बांधावर साफ होतो. जिथे अस्सल कागदी फिल्टर वेळेवर मिळतच नाही, तिथे नीट राखलेला ऑइल बाथ हा फाटक्या कागदी फिल्टरपेक्षा शंभर पटीने बरा.

कागदी फिल्टर घेताना केवळ आत बसतो म्हणून घेऊ नका. कंपनीचा पार्ट नंबर जुळवा. टोकाचे रबर मऊ आणि अखंड हवे, कागदाच्या घड्या सारख्या हव्यात, डिंक सुटलेला नको. रबर नीट दाबून बसले नाही तर हवा कागदातून न जाता कडेने जाते. पक्के बिल घ्या. बिल नसेल तर बनावट मालाची तक्रार कोणाकडे करणार? शे-दोनशे रुपये वाचवून लाखाची वस्तू पणाला लावणे याला काटकसर म्हणत नाहीत.

देखभालीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक, वर्षभर हात न लावणे. दुसरे, रोज फिल्टर काढून टायरवर आपटणे आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा मारणे. दुसरे टोक जास्त घातक, कारण त्यात काळजी घेतल्याचे समाधान मिळते. आपटल्याने टोकाची पत्र्याची कडा वाकते, जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. शिवाय थोडी धूळ धरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो. म्हणून कोरड्या फिल्टरला इंडिकेटर असेल तर तो लाल झाल्यावरच उघडा. हवा आतून बाहेर मारा, तीस पौंडांच्या आत. मग आत बॅटरी धरून पाहा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर बाद. आतला सुरक्षा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. खालची रबरी चोच रोज दाबून साठलेली धूळ झाडा.

ऑइल बाथचे उलट आहे. धुळीच्या कामात वाटी रोज पाहा. तळाशी अर्धा इंच गाळ बसला किंवा ऑइल घट्ट झाले की बदला, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या. ऑइल खुणेपर्यंतच भरा. कमी भरले तर धूळ आत जाते. जास्त भरले तर इंजिन ते ऑइल ओढून इंधनासारखे जाळते आणि आवरेनासे होऊन पळू शकते. सोयाबीनच्या मळणीत भुसा प्री-क्लिनरवर बसतो, तो दिवसातून दोन-तीनदा झाडा.

सगळ्यात मोठी गळती मात्र फिल्टरमध्ये नसते, ती फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीत असते. नळी चिरलेली, क्लिप ढिली, तर फिल्टर कितीही भारी असो, धूळ मागच्या दाराने आत जाते. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून फिल्टरच्या पुढची नळी सोडा आणि आतून बोट फिरवा. बोटाला कोरडी धूळ लागली, तर इंजिनात धूळ जाते आहे.

हे सारे करणार कोण? ड्रायव्हर. त्याला आपण पहाटे किल्ली देतो आणि एकरांचा हिशेब मागतो. सकाळचा अर्धा तास यंत्रासाठी आहे आणि त्या वेळेची मजुरी मिळेल, असे त्याला किती जण सांगतात? एकरावर मजुरी ठरली की फिल्टर उघडण्यात गेलेला वेळ त्याच्या पोटातून जातो. मग त्याने तो का उघडावा? नुसते ओरडून काम होत नाही, मोबदला ठरवावा लागतो.

आणि विक्रेत्यांकडे आपण काय मागायचे? पहिले, नवीन ट्रॅक्टर देताना एअर क्लिनर उघडून, साफ करून, बसवून दाखवावा आणि मराठी पुस्तिका द्यावी. दुसरे, फिल्टरचा पार्ट नंबर आणि किंमत दुकानात फलकावर लिहावी, हंगामात तो शिल्लक ठेवावा. तिसरे, बुदनीचा अहवाल दाखवावा. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात एअर क्लिनरचा प्रकार असतो, ऑइल बाथमधून ऑइल ओढले जाते का याची चाचणी असते, आणि इंजिन खोलून मोजलेली झीजही असते. ती माहिती सरकारी पैशाने तयार झाली आहे. लाखो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने ती मागितली तर त्यात उपकार कसला?

पुढच्या जिल्हा बैठकीला जे ट्रॅक्टरने येतील त्यांनी पाना आणि बॅटरी सोबत आणावी. भाषणे सुरू होण्याआधी आपण मैदानातच नळ्या सोडून बोटे फिरवू. किती जणांच्या बोटाला धूळ लागली तो आकडा लिहून घेऊ आणि या तीन मागण्यांच्या निवेदनाला जोडून जिल्ह्यातल्या प्रत्येक विक्रेत्याला देऊ.