म्हणे, आम्ही फक्त मध्यस्थ!

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री पेठेत घरोघरी पोचलेली ती क्लिप सगळ्यांनी पाहिली. ती बनावट होती हेही सगळ्यांना कळलं, पण मत देऊन झाल्यावर. ती बनवणाऱ्या भामट्याला पोलीस शोधताहेत, शोधोत. आमचं भांडण ती फिरवणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांच्या ठरलेल्या उत्तराशी आहे: "आम्ही फक्त मध्यस्थ."

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला दुसऱ्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देतं. त्यातल्या अटींत एक अशीही आहे की त्याने संदेश घेणारा निवडू नये. मग ज्या आजींनी ती क्लिप टाकणारं पान जन्मात उघडलं नव्हतं, त्यांच्या पडद्यावर ती क्लिप आली कशी? चालत? कोणाला काय दाखवायचं हे यांचं यंत्र क्षणाक्षणाला ठरवतं आणि त्यावरच यांची जाहिरात विकते. एका बड्या कंपनीची 2021 मध्ये फुटलेली कागदपत्रं सांगतात की 2017 पासून काही काळ, काय पुढे ढकलायचं हे ठरवताना, संतापलेल्या चेहऱ्याच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. बदामालाही तेवढंच होतं म्हणे. वा! पण संताप पेटवणाऱ्या मजकुरात खोटेपणा जास्त, हे त्यांच्याच माणसांनी त्यांना सांगितलं होतं.

आता गल्लीतला छापखानेवाला बघा. निवडणुकीचं चिटोरं छापायचं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ. मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं सहीचं निवेदन, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी, वर सरकारदरबारी प्रत. चुकला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार प्रती काढणाऱ्याला कोठडीचा धाक, आणि लाखोंना दाखवणारा नामानिराळा!

"नका ना बघू," असं सांगणारे शहाणे प्रत्येक सोसायटीत असतात. अहो, आम्ही नाही बघितलं. शेजाऱ्यांनी बघितलं, आणि त्यांच्या मतावर निवडून आलेला आमदार आमच्याही डोक्यावर पाच वर्षं आहे.

"ही सेन्सॉरशिप झाली," असंही कोणी म्हणेल. ऑनलाइन लिहिण्याबद्दल तुरुंगात टाकणारं, याच माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केलं तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्ही होतो. कोणाचं तोंड बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. न मागितलेलं पुढ्यात आणून वाढणं बंद करा, निदान मतदानाआधीच्या 48 तासांत. आणि पैसे कोणी दिले, कोणाला दाखवलं, का दाखवलं, हे सांगा.

पुढच्या वेळी मतं मागायला दारात येतील, त्यांना एवढंच विचारा: कोणाला काय दाखवायचं हे स्वतः ठरवणाऱ्यांची कलम 79 ची ही ढाल काढणार का? उत्तर लेखी घ्या.