गणवेश आणि खुर्ची



२७ एप्रिल २०२० रोजी मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. राजकारणात येण्याआधी त्या परिचारिका होत्या. २००२ मध्ये त्या शिवसेनेच्या नगरसेविका झाल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर.

अशा बाईबद्दल आपल्या बैठकांत दोनच सूर लागतात. एक, ‘आपल्यातली बाई वर गेली’. दुसरा, ‘पक्षाच्या हातातली बाहुली’. मला दोन्ही पटत नाहीत. संभाजीनगरच्या वस्त्यांत काम करताना मी पाहते की पाण्याच्या मोर्चात महिला आघाडीच्या बायका पुढे असतात. आघाडीने त्यांना उंबऱ्याबाहेर आणले, हे मान्य करायला हवे. पण ओळख दिली ती आई-बहिणीचीच. तिथे सेवा करणारी बाई पूजनीय, हक्क मागणारी मात्र आगाऊ!

परिचारिकेची कोंडी हीच आहे. तिच्या गणवेशाला टाळ्या मिळतात. पण तिची कंत्राटी नेमणूक, अपुरा पगार, रात्रपाळी आणि मुलांसाठी पाळणाघर यांविषयी कुणी बोलत नाही.

२०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यांवर सर्व विचारांच्या बायका निवडून येणारच. त्यांना नाकारून चालणार नाही आणि बाई म्हणून सूट देऊनही चालणार नाही.

म्हणून माझी सूचना आहे : प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या नगरसेविकेकडे, पक्ष न पाहता, महापालिकेच्या कंत्राटी परिचारिकांना सोबत घेऊन जावे. सेवेचे कौतुक पुरे, नेमणुकीचे काय, हे तिला विचारावे. ती कोणाच्या बाजूची आहे, ते तिच्या उत्तरावरून ठरेल.