भाषेचं ओझं सरकारनं वाहावं

दरवर्षी 14 सप्टेंबर जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या केंद्र सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत हिंदी पंधरवड्याचे फलक लागतात. निबंध स्पर्धा होतात, दाराजवळच्या फळ्यावर ‘आज का शब्द’ लिहिला जातो, समारोपाला साहेबांचं भाषण होतं आणि त्यात हमखास एक वाक्य येतं: हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे. टाळ्या पडतात. कोणत्या कलमानुसार, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर विचारणाराच संकुचित ठरतो.

तो आळ पत्करून सांगतो: भारताला राष्ट्रभाषा नाही, तिची गरज नाही, आणि ती ठरवण्याचा हट्ट देशाच्या ऐक्याला आणि खुद्द हिंदीलाही महागात पडेल. समोरची बाजू मात्र मूर्खांची नाही. गांधीजींपासून आंबेडकरांपर्यंत मोठी माणसं त्या बाजूला उभी होती. म्हणून आधी त्यांचे मुद्दे, तेही त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी.

पहिला मुद्दा कायद्याचा, आणि तो लवकर निकालात निघतो. हिंदी राष्ट्रभाषा आहेच, वाद कसला, असं म्हणतात. संविधानाच्या 343 व्या कलमानं देवनागरीतल्या हिंदीला संघराज्याच्या कारभाराची भाषा ठरवलं. इंग्रजी आणखी 15 वर्षं चालू ठेवायची आणि पुढे काय करायचं ते संसदेनं ठरवायचं, अशी तडजोड झाली. 1963 च्या राजभाषा अधिनियमानं इंग्रजी 1965 नंतरही चालू ठेवली. राज्यांनी आपापल्या कारभाराची भाषा स्वतः निवडावी, असं 345 वं कलम सांगतं. राष्ट्रभाषेचं कलम संविधानात नाही. गुजरात उच्च न्यायालयापुढे 2010 मध्ये हा विषय आला, तेव्हा हिंदीला राष्ट्रभाषा घोषित केल्याचा दाखला न्यायालयालाही आढळला नाही. संविधान सभेला असं कलम घालता आलं असतं. भाषेवर तिथे दिवसच्या दिवस घनघोर चर्चा झाली होती. तरी घातलं नाही, कारण घातलं तर सभाच दुभंगेल हे तिथल्या शहाण्यांनी ओळखलं होतं.

दुसरा मुद्दा संख्येचा. लोकशाहीत बहुमत चालतं, आणि हिंदी बहुसंख्यांची भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत हिंदी ही मातृभाषा असलेले लोक 43.63 टक्के आहेत. म्हणजे सर्वांत मोठा गट हिंदीचा, हे खरं. पण निम्म्याहून जास्त देशाची मातृभाषा हिंदी नाही, हेही तितकंच खरं. आता ही बेरीज उलगडून पाहू. तिच्यात भोजपुरीचे सुमारे 5 कोटी लोक आहेत, राजस्थानीचे अडीच कोटी, छत्तीसगढीचे दीड कोटींहून जास्त. मगही, हरियाणवी, कुमाऊनी, गढवाली वेगळ्याच. यांना बाजूला ठेवलं तर आपली मातृभाषा नुसती ‘हिंदी’ सांगणारे उरतात 32 कोटींच्या आसपास, म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के. ज्या मैथिलीत विद्यापतीनं पदं रचली, तिला या बेरजेतून बाहेर पडून आठव्या अनुसूचीत जागा मिळवायला 2003 ची घटनादुरुस्ती व्हावी लागली. एक भाषा करण्याच्या खटाटोपात पहिला बळी तमिळचा किंवा मराठीचा गेला नाही. तो हिंदीच्या अंगणातल्याच भाषांचा गेला.

आणि समजा, बहुमत खरोखरच असतं तर? श्रीलंकेत ते होतं. सिंहली तिथल्या मोठ्या बहुसंख्य समाजाची भाषा. 1956 मध्ये कायदा करून एकट्या सिंहलीला राजभाषा केलं आणि सरकारी नोकरीतला तमिळ माणूस आपल्याच देशात निरक्षरासारखा झाला. पुढच्या यादवीला कारणं अनेक होती, पण त्या आगीत पहिली काडी कोणती पडली हे तिथला कोणताही जाणता माणूस सांगेल. तमिळला राजभाषेचं स्थान मिळालं ते 1987 नंतर, तोवर हजारो माणसं मेली होती. भाषा हा मतमोजणीचा विषयच नव्हे. रस्ता कुठून न्यायचा हे बहुमतानं ठरवता येतं. आईशी कोणत्या भाषेत बोलायचं आणि तहसीलदाराकडे अर्ज कोणत्या भाषेत करायचा, हे शेजाऱ्याच्या मतानं ठरवता येत नाही.

तिसरा मुद्दा भावनेला हात घालणारा: एक भाषा नसेल तर देश फुटेल. इतिहासानं याची परीक्षा आपल्या उंबऱ्यावरच घेतलेली आहे. मार्च 1948 मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन सांगितलं की पाकिस्तानची भाषा उर्दू आणि फक्त उर्दूच असेल. तेव्हा देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. 1956 च्या संविधानात बंगालीला मान्यता दिली, पण मनं तुटली ती तुटलीच, आणि 1971 मध्ये देशही तुटला. धर्म एक, ध्वज एक, आणि ऐक्यासाठी म्हणून लादलेली भाषाही एक! उलट सोमालियात भाषा एक, धर्म एक, तरी 1991 पासून ते राष्ट्र यादवीत विस्कटलं.

आपल्याकडे नेमकी उलटी वाट धरली गेली. भाषावार प्रांत केले तर देशाचे तुकडे होतील, अशी नेहरूंसह अनेकांना धास्ती होती. पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले तेव्हा आंध्र झाला. मुंबईत हुतात्मे पडले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र झाला. तुकडे पडले नाहीत. मराठी माणसाला मराठीत चालणारं राज्य मिळालं म्हणून तो दिल्लीपासून दुरावला नाही. दिल्ली आपली वाटायला त्याला एक कारण जास्त मिळालं. तमिळनाडूत 1965 मध्ये रस्त्यावर माणसं मेली ती भाषा लादली जाईल या भीतीनं. इंग्रजी चालू राहील याची कायद्यानं हमी दिली आणि द्रविड चळवळीतले पक्ष राज्यही करू लागले, केंद्रातल्या मंत्रिमंडळातही बसू लागले. ऐक्य टिकलं ते लादणं थांबवल्यामुळे.

इंडोनेशियाचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं: इतकी बेटं, इतक्या भाषा, तरी एक राष्ट्रभाषा. जरूर द्यावं, पण पूर्ण द्यावं. 1928 मध्ये तिथल्या तरुणांनी राष्ट्रभाषा म्हणून मलय निवडली. सर्वांत मोठा गट जावानीज बोलणाऱ्यांचा होता आणि त्यांनी आपल्या भाषेचा आग्रह धरला नाही. मलय होती बंदरांतल्या व्यापाराची भाषा, मूठभरांची मातृभाषा. हा धडा आपल्याला लावायचा तर हिंदीला सोडून एखादी छोटी भाषा राष्ट्रभाषा करावी लागेल. त्याला लखनौ तयार आहे का?

चौथा मुद्दा खरा जड आहे, आणि तो आंबेडकरांपर्यंत जातो. स्वदेशी हिंदी नको, मग परक्या इंग्रजीची गुलामी चालते का? 1955 मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना आंबेडकरांनी तर राज्यांचा कारभारही हिंदीतच चालावा, देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी असावी, असं म्हटलं. हे मी झाकून ठेवत नाही. पण त्यांना अर्धंच उद्धृत करणाऱ्यांनी त्याच पुस्तकातलं बाकीचंही वाचावं. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत हिंदीच्या प्रश्नावर मतं 78 विरुद्ध 78 अशी समसमान पडली आणि पुन्हा मतदान झालं तेव्हा हिंदी एका मतानं जिंकली, ही हकिगत त्यांनी तिथेच सांगितली आहे. ती सांगण्यामागे उत्तरेच्या वर्चस्वाची चिंता होती. म्हणूनच उत्तर प्रदेशाचे तीन, बिहारचे दोन, मध्य प्रदेशाचे दोन भाग करावेत आणि हैदराबादला दुसरी राजधानी असावी, असं त्यांनी सुचवलं. हिंदी हवी असणाऱ्यांनी आंबेडकरांचा हवाला देताना ही अटसुद्धा मान्य करावी.

आता इंग्रजी. तिच्या जोरावर एक वर्ग पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या अडवून बसला आहे, यात शंका नाही. हिंदीसक्तीविरुद्ध मोर्चात घसा फोडून दुसऱ्या दिवशी नातवाला इंग्रजी माध्यमात घालणारे आपल्यात थोडे नाहीत, हा टोला बरोबर बसतो. पण हिंदी लादल्यानं इंग्रजी हटते का? एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा निर्णय काढला, तेव्हा पहिलीतली इंग्रजी जागच्या जागी होती. सहा वर्षांच्या पोराच्या पाटीवर तिसरी भाषा चढणार होती आणि आकसणार होती ती मराठी. विरोध इतका झाला की जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. हिंदीची सक्ती इंग्रजीच्या केसालाही धक्का लावत नाही. ती फक्त बाकीच्या भाषांना आणखी एक पायरी खाली ढकलते.

त्रिभाषा सूत्राचंही हेच झालं. 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते आलं तेव्हा हिंदी राज्यांतल्या मुलांनी एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतली, शिकावी अशी अपेक्षा होती. तिथे बहुतेक ठिकाणी तिसरा तास संस्कृतनं भरून काढला. सूत्र तीन भाषांचं, पण त्याची वर्गणी एकाच बाजूकडून वसूल झाली.

मग आम्ही हिंदीचे वैरी का? तसं म्हणणाऱ्यांनी काशीत ‘आज’ दैनिक घडवणारे बाबूराव विष्णु पराडकर आठवावेत, माधवराव सप्रे आठवावेत, गजानन माधव मुक्तिबोध आठवावेत. हिंदी पत्रकारितेचे आणि कवितेचे हे खांब मराठी घरांतून आले. हिंदी सिनेमा मुंबईत वाढला, तो कोणत्या शासन निर्णयानं? नांदेडच्या ट्रकचालकाला पानिपतच्या ढाब्यावर हिंदी बोलायला कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. हिंदी पसरली ती गाण्यांनी, बाजारानं आणि रेल्वेच्या डब्यानं. गोडीनं येणाऱ्या पाहुणीच्या हातात पोलिसाचा दंडुका देऊन तिचा मान वाढत नाही.

खंडन इथे पुरे. हवं काय ते आता सांगतो.

हवी ती राष्ट्रभाषा नव्हे, न्याय्य व्यवस्था. तिचं तत्त्व एकच: सरकार आणि नागरिक यांच्यात भाषेचं अंतर असेल, तर ते सरकारनं चालून जावं. कर आपण भरतो, भाषांतराचा खर्च सरकारनं करावा.

आज काय होतं ते एका परीक्षेत पाहा. लातूरचा मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करतो. मुख्य परीक्षा त्याला मराठीत लिहिता येते. पण तिथवर पोचायला आधी पूर्वपरीक्षा, आणि तिची प्रश्नपत्रिका फक्त हिंदीत आणि इंग्रजीत. घड्याळ चालू असताना तो आकलनाचा उतारा परक्या भाषेत दोनदा वाचतो. त्याच वेळी प्रयागराजचा त्याचा स्पर्धक आपल्या शाळेच्या भाषेत वाचतो. हिंदी अनुवाद अनेकदा बोजड असतो, हेही मान्य. तरी एकाला वाईट अनुवाद मिळतो आणि दुसऱ्याला तोही मिळत नाही. एका देशात एकाच पदासाठी ही दोन मापं आहेत.

न्यायालयांतही तेच. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या संमतीनं उच्च न्यायालयात राज्याची भाषा आणता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार इथे हिंदीला ती मुभा मिळाली. तमिळ, गुजराती, बंगाली, कन्नड यांच्यासाठी झालेल्या मागण्या मान्य झाल्या नाहीत.

हे सगळ्या भाषांत करणं अशक्य आहे, अशी तक्रार लगेच होईल. खिशातली नोट काढून पाहा: हिंदी आणि इंग्रजीखेरीज 15 भाषांत तिची किंमत छापलेली आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ 13 भाषांत होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा 2024 पासून हिंदी-इंग्रजीशिवाय आणखी 13 भाषांत घेतली जाते. शिपायासाठी जे जमलं ते जिल्हाधिकाऱ्यासाठी का जमू नये? युरोपीय संघ 24 भाषांत कारभार करतो.

माणसामाणसांतला संवाद? तो लोकांवर सोडावा, आणि जिथे जायचं तिथली भाषा शिकायला मदत करावी. केरळनं बाहेरून आलेल्या मजुरांसाठी ‘चंगाती’ नावाचा साक्षरता उपक्रम काढला, हिंदी बोलणाऱ्यांना मल्याळम शिकवणारं पुस्तक तयार केलं. आम्ही काय केलं? 2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला दुकानदाराच्या कानाखाली मारली. थपडेनं मराठी शिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मराठीचे रात्रवर्ग वस्त्यावस्त्यांत निघाले असते, तर आमची बाजू अधिक भक्कम झाली असती.

दिल्लीला लावलेलं तत्त्व मुंबईलाही लागू होतं. 2011 मध्ये संस्कृत ही मातृभाषा सांगणारे 24,821 लोक होते आणि संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे. भिली बोलणारे एक कोटीवर आणि गोंडीचे सुमारे 30 लाख, पण त्या अनुसूचीबाहेर. यातली बरीच माणसं आपल्याच नंदुरबार-गडचिरोलीत राहतात. मेळघाटातलं कोरकू पोर पहिलीत येतं तेव्हा मास्तरांची मराठी त्याला तितकीच परकी असते, जितकी आपल्या पोराला हिंदी. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी, हे 350 अ कलम राज्यांना उद्देशूनच लिहिलेलं आहे. धारणी आणि भामरागडच्या पहिलीच्या वर्गात कोरकू आणि गोंडी बोलणारे शिक्षक नेमायला दिल्लीची परवानगी लागत नाही. महाराष्ट्रानं ते या वर्षी सुरू करावं, आणि मग लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा मराठीत मागावी. त्या मागणीला तेव्हा कुणी संकुचित म्हणू शकणार नाही.