ऑटोमॅटिक आहे, म्हणजे नेमकं कोण बघतंय?

सुट्टी काढून जठारपेठेत आलोय. मे महिना, दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरसमोर बसून काकांना मिशिगनच्या गोष्टी सांगत होतो. तिकडे आमच्या सोसायटीत उताराच्या रस्त्याखाली नळ्या टाकल्या होत्या, बर्फ पडला की त्यातून गरम पाणी (गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं) आपोआप फिरायला लागतं वगैरे. काकांनी पेपर खाली ठेवला.

"काहून बे, तुमी तिकडं रस्ते तापवून राह्यले? येथं ये ना, फुकटात तापते!"

सगळे हसले. आई हसली नाही. तिच्या डाव्या मनगटात अजून स्टीलची पट्टी आहे, ती त्याच उतारावरची. म्हणून आजची ही पोस्ट.

आधी काकांच्या मुद्द्याचं बघू, कारण "पैसा झाला की चोचले सुचतात" हे पुण्यातल्या मित्रांकडूनही ऐकलंय. आम्ही राहायचो ग्रँड रॅपिड्सला. तिथून तासाभराच्या आत हॉलंड नावाचं गाव आहे. त्यांनी १९८८ पासून बाजारपेठेतल्या रस्त्यांखाली आणि फुटपाथांखाली अशाच नळ्या टाकल्या आहेत, आणि पाणी तापतं ते वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. नाहीतरी फेकून द्यायची ती उष्णता. दुसरा पर्याय मीठ. पण साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं चालत नाही, गाड्या आणि काँक्रीटमधलं लोखंड खातं आणि शेवटी नदीत जातं. तेव्हा रस्ता तापवण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'ऑटोमॅटिक' या शब्दाबद्दल.

तर झालं असं. जानेवारी २०१९. मिडवेस्टमध्ये ती प्रसिद्ध थंडीची लाट आली होती तो महिना. आई पहिल्यांदाच आलेली. दोन दिवस बर्फ, मग लख्ख ऊन. उन्हाने कडेच्या ढिगातलं पाणी झालं आणि ते उतारावर ओघळलं. रात्री आभाळ निरभ्र, ओघळलेल्या पाण्याचा पातळ, काचेसारखा थर. काळ्या रस्त्यावर तो दिसतच नाही. सकाळी आई दूध आणायला निघाली (तिला सांगूनही ती 'जवळच तर आहे' म्हणाली), आणि चौथ्या पावलाला खाली.

मी मॅनेजमेंटला फोन केला. उत्तर मिळालं, सिस्टिम ऑटोमॅटिक आहे आणि ऑक्टोबरमध्येच तपासली आहे. कागदही दाखवला. त्यावर लिहिलं होतं: कंट्रोलर चालू, हिरवा दिवा लागतो, पंप फिरतो.

मंडळी, याला टेस्टिंग म्हणतात का? हे म्हणजे सॉफ्टवेअर उघडलं, लॉगिनचा स्क्रीन आला, रिलीज करा!

मग मी जाऊन सेन्सर बघितला. या यंत्रणेला दोन गोष्टी लागतात: तापमान आणि ओल. हवा तीन-चार अंशांच्या खाली आणि सेन्सर ओला, की चालू. आमचा सेन्सर होता खांबावर, तोही इमारतीच्या वळचणीला, जिथे वाऱ्याच्या दिशेमुळे बर्फ पोचतच नाही. आणि त्या रात्री तर आभाळातून काही पडलंच नव्हतं! रस्त्यावर ओघळून गोठलेलं पाणी खांबावरच्या सेन्सरला कसं कळणार? त्यासाठी रस्त्यातच, काँक्रीटच्या पातळीवर बसवायचे सेन्सर मिळतात. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. यंत्रणा सांगितलं तेवढंच इमानदारीत करत होती. विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

दुसरी गंमत आकड्यांची. इंजिनिअर आहात, तर करून बघा. साठ चौरस मीटरचा उतार, त्यावर इंचभर भुरभुरीत बर्फ, म्हणजे साधारण १५० किलो. तो वितळवायला सुमारे १४ युनिट लागतात. पण त्याखालचं दहा सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट भरतं १४ टनांच्या वर. ते उणे आठवरून अधिक तीनवर आणायला ४० युनिट! बर्फापेक्षा काँक्रीटच जवळजवळ तिप्पट खातं, हवेत आणि जमिनीत जाते ती उष्णता वेगळीच. १८ किलोवॉटचा बॉयलर असेल तर बर्फ वितळायला लागण्याआधीच दोन तास गेले. म्हणून बर्फाची वाट न बघता काँक्रीट आधीपासून शून्याच्या जरा खाली तापवून ठेवायचं की नाही, आणि सेन्सर कोरडा झाल्यावरही पंप किती वेळ चालू ठेवायचा, जेणेकरून कडेचं पाणी निचऱ्यापर्यंत जाईल, हे त्या-त्या रस्त्याला बघून ठरवावं लागतं. आमच्याकडे दोन्ही आकडे कारखान्यातून आले तसेच होते. कोणीही हात लावला नव्हता. कारण? ऑटोमॅटिक आहे ना!

"पण बर्फ पडल्याशिवाय टेस्ट कसं करणार?" हे मला त्या ठेकेदाराने विचारलं, आणि हेच मला ऑफिसात दर रिलीजला कोणीतरी विचारतं, 'प्रॉडक्शनसारखा लोड कुठून आणू?' अरे बाबांनो, एक ग्लास घ्या, त्यात बर्फ-पाणी घालून तापमानाचा सेन्सर बुडवा, झालं शून्य अंश. ओलीच्या सेन्सरवर बर्फाचा खडा ठेवा. घड्याळ लावा. पंप कधी सुरू झाला, काँक्रीट किती वेळात तापलं, खडा काढून सेन्सर पुसल्यावर किती वेळाने बंद झालं, लिहून ठेवा. मग उतारावर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे साचतं ते बघा. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी, चहा पीत, दोन तासांचं काम. शेवटचं बादलीचं काम कोणी केलं असतं तर आईचा हात वाचला असता, हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. असो.

राग ठेकेदारावर आहेच, पण खरा राग आपल्या जमातीवर आहे. यंत्रावरचं 'ऑटो' हे बटण आपणच बनवतो आणि त्याबरोबर एक सोयीची समजूत विकतो, की आता कोणी बघायची गरज नाही. टेस्टिंगवाल्याला मीटिंगमध्ये शेवटी बोलायला देतो, शेड्यूल घसरलं की पहिल्यांदा त्याचेच दिवस कापतो. आणि काही झालं की लॉग उघडून सांगतो, सिस्टिमने बरोबरच काम केलं.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या टाकीचं पण ऑटोमॅटिकच आहे." गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करणारं ते उपकरण, तीन वर्षांपूर्वी बसवलेलं. इकडे नळ रोज येत नाही, तेव्हा टाकी वाहून जाणं म्हणजे गुन्हाच. मी विचारलं, कधी तपासलं? काका म्हणाले, त्यात काय तपासायचं, दिवा लागते की.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर गेलो, झाकण काढलं आणि आतला फ्लोट हाताने वर धरला. खाली मोटर चालूच. मिनिटभर धरून ठेवला, तरी चालूच. शेवटी आईनेच खालून उजव्या हाताने स्विच बंद केला. मिस्त्री उद्या सकाळी येतो म्हणालाय.