लोणी नावाचं स्टेशन

पुणे-दौंड मार्गावर लोणी नावाचं स्टेशन आहे. ते लोणी काळभोरचं. आमचं लोणी आंबेगाव तालुक्यातलं, धामणीच्या शेजारचं, पाऊस ज्याला वरचेवर विसरतो त्या पूर्व पट्ट्यातलं. इथे रूळ कधी आलेच नाहीत. तरीही माझ्या आजोळची चूल दोन पिढ्या रेल्वेवर पेटली, तीही विजेच्या रेल्वेवर. थोरले मामा मुंबईत डबेवाले होते.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतल्या घरांना हे नवं नाही. शेतीत भागेना की एक भाऊ मुंबईला. मंचरहून एसटी, आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण आणि तिथून लोकल. मामांच्या बोलण्यात मात्र ‘लोकल’ हा शब्द क्वचितच यायचा. ‘गाडी’ म्हणायचे. गावी आल्यावरसुद्धा ‘गाडी’ म्हटलं की एसटी नव्हे, लोकल, हे आम्ही पोरांनी ओळखून घ्यायचं.

या गाडीची शंभरी गेल्याच वर्षी, 2025 मध्ये झाली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली. डबे चार, डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह. डबे इंग्लंडच्या कॅमेल लेअर्डचे आणि जर्मनीतल्या उर्डिंगनच्या कारखान्याचे. 1928 च्या जानेवारीत कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली. मग घाट चढून ती पुण्याला पोचली आणि 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली. म्हणजे तार आमच्या जिल्ह्यात येऊनही जवळजवळ शंभर वर्षं होत आली. आमच्या तालुक्यात तेवढी यायची राहिली.

विलायती डब्यांची जागा पुढे कोलकात्याच्या जेसपने आणि पेरांबूरच्या कारखान्याने बांधलेल्या गाड्यांनी घेतली. चाराचे आठ, आठाचे नऊ, 1986 साली बारा डबे झाले, नंतर पंधराही. बदलला नाही तो तारेतला प्रवाह. 1500 व्होल्टवर एवढी गर्दी ओढायची म्हणजे विजेचा प्रवाह प्रचंड लागतो, तारा जाड लागतात, थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन बांधावं लागतं. 25000 व्होल्टच्या एसीवर तेच काम कमी प्रवाहात होतं. पण रोज धावणारी मुंबई थांबवून तार बदलणार कशी? म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि तुकड्यातुकड्याने बदल केला.   

पश्चिम रेल्वेचं हे काम 2012 साली संपलं. हार्बर मार्ग सगळ्यांत शेवटी. 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून बोरीबंदरला शेवटची डीसी लोकल गेली. जिथे सुरुवात, तिथेच शेवट. वर्तमानपत्रात फोटो आला तो मी मामांना दाखवला.

मामांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “जुनी गाडी सुटताना सांगायची रे. धक्का द्यायची. ही नवी चोरपावलांनी सुटते.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची हळहळ. नंतर कळलं की ते नेमकं बोलत होते. जुन्या गाडीत मोटारीला मिळणारी वीज रोधकांनी अडवून धरलेली असे. ते रोधक टप्प्याटप्प्याने सुटत, आणि प्रत्येक टप्प्याला हिसका. नव्या गाडीत हेच काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकसारखं करते. डोक्यावर पस्तीस-चाळीस डब्यांची पाटी घेऊन लगेजच्या डब्यात चढणाऱ्याला त्या पहिल्या हिसक्यावर पाय रोवता यायचा. साठ किलोंच्या वर वजन आणि गाडी थांबणार अर्धा मिनिट. इंजिनिअरच्या पुस्तकात जो दोष, तो मामांच्या मानेला इशारा होता.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडली तेव्हा गाव अचानक भरलं. एरवी डबेवाले जत्रेच्या सुट्टीला येतात आणि चार-पाच दिवसांत परततात. त्या वर्षी परतायला गाडीच नव्हती. पांढऱ्या टोप्या पारावर बसून राहिल्या. पुढे मुंबई उघडली, पण घरून काम आलं, कित्येक ऑफिसं रिकामी झाली आणि बरेच जण गेलेच नाहीत. गाडीवर गावाचं किती अडलेलं आहे हे मला तेव्हा उमगलं. तोवर मी ते कौतुकाने सांगायचो, एवढंच.

आता नवी गोष्ट. पुणे-नाशिक रेल्वे मंचर-नारायणगावावरून येणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. तिच्या वाटेत खोडदची रेडिओ दुर्बीण आली. जुन्नर तालुक्यातल्या त्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. विजेच्या गाडीचा पँटोग्राफ तारेला घासतो, ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरींचा गोंगाट निघतो. त्यामुळे सरळ मार्ग जमणार नाही, असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं आहे.

शास्त्रज्ञांचं म्हणणं मला पटतं. असली दुर्बीण पुन्हा दुसरीकडे उभारता यायची नाही. पण म्हणून रेल्वे थेट शिर्डीकडून वळवणं हे काही उत्तर नव्हे. खोडदला पुरेसं अंतर सोडून, याच तालुक्यांतून जाणारी वाट धुंडाळा. ज्या तालुक्यांनी मुंबईच्या गाड्यांना एवढी माणसं दिली, त्यांना एक स्टेशन मागायचा हक्क आहे. तोवर पुण्याच्या खिडकीवर ‘लोणी’ म्हणून तिकीट मागितलंत, तर तुम्ही काळभोरांच्या गावी उतराल.