संस्कार रुजण्यासाठी मेंदू निर्विष हवा

मूल वर्गात स्थिर बसत नाही, सांगितलेले त्याच्या ध्यानात राहत नाही, क्षुल्लक कारणावरून ते हात उगारते. अशा वेळी आपण आईच्या लाडांना, वडिलांच्या दुर्लक्षाला किंवा मोबाईलला दोष देतो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु आणखी एक कारण असू शकते, ज्याची शंकाही आपल्या मनास शिवत नाही. ते म्हणजे रक्तातील शिसे.

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते. प्रौढांच्या तुलनेत लहान मूल ते चार-पाच पट अधिक शोषून घेते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास त्याहूनही अधिक. वाढत्या मेंदूतील संदेशवहन ते बिघडविते. एकाग्रता ढळते, आवेगाला लगाम घालण्याची शक्ती क्षीण होते आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. यापासून निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी मुलांच्या दुधाच्या दातांवरून दाखवून दिले. १९७९ च्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गातील वर्तन अधिक विस्कळीत आढळले. १९९६ मध्ये हाडांतील शिसे व मुलांची आक्रमकता यांचा संबंधही त्यांनी मांडला. शिसे उद्योगाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर आरोप केले. चौकशीत ते निर्दोष ठरले.

आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा आली. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असावे. जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळविणाऱ्या भट्ट्या, जुन्या भिंतींचे पोपडे, हळदीला पिवळाजर्द रंग आणण्यासाठी मिसळलेले लेड क्रोमेट, या वाटांनी ते घरात येते. पारंपरिक शेंदूरही शिशाचाच ऑक्साइड आहे. मारुतीला शेंदूर लावून मुलाने हात स्वच्छ धुतल्यावरच प्रसाद घ्यावा, शिसेविरहित शेंदूर वापरावा. यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

हे अशक्य नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. वृत्तपत्रांनी लिहिले, पत्रके वाटली गेली, भेसळ करणाऱ्यांना दंड झाला आणि २०२१ मध्ये असा एकही नमुना सापडला नाही. शेजाऱ्याला जे दोन वर्षांत साधले, ते हळदीचे माहेरघर असलेल्या सांगलीच्या महाराष्ट्राला का साधू नये?

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: अशी भट्टी दिसल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी, हळदीच्या तपासणीचा आग्रह अन्न व औषध प्रशासनाकडे धरावा आणि मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरविण्यापूर्वी त्याच्या रक्ततपासणीचा सल्ला पालकांना द्यावा. संस्कार हे बी खरे. पण ज्या भूमीत ते पेरायचे, तीच विषारी राहिली तर दोष बियाण्याला देता येणार नाही.